कोकणातील गावात ट्रेडिंग कार्ड आणि छंदवस्तूंचे दुकान: गाळ्याच्या निवडीपासून हिशेबाच्या वहीपर्यंत

रत्नागिरीत दुकानासाठी गाळा पाहायला गेलो असता मालकांनी व्यवसाय विचारला. "कार्डांचे दुकान" असे सांगितल्यावर त्यांना ते लग्नपत्रिकांचे वाटले आणि त्यांनी भाडेही लगेच सांगून टाकले. मुले टेबलाभोवती बसून खेळतात ती कार्डे, असा खुलासा केल्यावर मात्र त्यांचा सूर बदलला. "म्हणजे पत्तेच की!" एवढे बोलून त्यांनी किल्ली खिशात घातली. ज्या भाषेत "पत्ते कुटणे" म्हणजे रिकामटेकडेपणा, त्या भाषेच्या मुलखात हा व्यवसाय करणाऱ्याला भांडवल, माल आणि परवाने यांच्याही आधी ही अडचण भेटते. मुंबई-पुण्यात गिऱ्हाईक आधीच तयार असते आणि दुकानदाराने त्याच्यापर्यंत पोचायचे असते. अलिबाग, चिपळूण, कुडाळ किंवा मालवण येथे ते एकेक करून घडवावे लागते. पुढील बहुतेक सूचना या एका फरकातून निघालेल्या आहेत.

धंदा नेमका कशाचा आहे

या प्रकारच्या खेळांची सुरुवात १९९३ साली अमेरिकेत आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग'पासून झाली, त्याची रचना रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने केली होती. १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनची कार्डे आली आणि १९९९ मध्ये यु-गि-ओची. तिन्हींची विक्रीची रीत सारखीच आहे. कार्डे सीलबंद पाकिटातून विकली जातात, आत कोणती कार्डे निघतील हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि निघालेल्या कार्डांतून, अदलाबदलीतून व सुट्या खरेदीतून खेळाडू आपला संच, म्हणजे डेक, तयार करतो. पोकेमॉनमध्ये हा डेक बरोबर ६० कार्डांचा असावा लागतो आणि मूलभूत एनर्जी कार्डे सोडल्यास एका नावाची चारांहून अधिक कार्डे त्यात चालत नाहीत.

दुकानदाराच्या दृष्टीने मात्र येथे चार वेगवेगळे धंदे एका छताखाली असतात. सीलबंद पाकिटे आणि त्यांचे बॉक्स हा पहिला. यात उलाढाल मोठी आणि नफा सर्वांत पातळ असतो. सुटी कार्डे, ज्यांना सगळे सिंगल्स म्हणतात, हा दुसरा. यात नफा चांगला, पण छाटणी, नोंद आणि किंमत ठरवण्याचे काम डोळे दुखवणारे. स्लीव्ह (कार्डाची खोळ), बाइंडर (कार्डे लावण्याची वही), डेकबॉक्स (डेक ठेवण्याचा डबा), प्लेमॅट (टेबलावर अंथरायची चटई) हे साहित्य तिसरे. ते शिळे होत नाही आणि निम्म्या गावाला त्याच्या दराची माहितीही नसते. चौथा धंदा खेळण्याच्या टेबलाचा, जो स्वतः फारसे कमावत नाही आणि तरीही उरलेल्या तिघांना पोसतो.

केवळ कार्डांवर तालुक्याच्या गावातील दुकान पहिल्या वर्षी उभे राहील असे समजू नये. बरोबरीने १:६४ प्रमाणातील छोट्या गाड्या, जोडणीची मॉडेल्स, रुबिक क्यूब, बुद्धिबळाचे संच आणि मुख्य म्हणजे कॅरमचे सामान ठेवावे. कॅरम कोकणात वाडीवाडीत खेळला जातो. चांगला स्ट्रायकर, सोंगट्या आणि पावडर यांची मागणी बारमाही असते. माझ्या दुकानाचे पहिल्या तीन महिन्यांचे भाडे पोकेमॉनने नव्हे, कॅरमच्या पावडरीने भरले, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

पहिली पायरी: दुकानाआधी टेबल

गाळा घेण्यापूर्वी निदान चार-सहा महिने केवळ खेळ चालवावा. दर रविवारी दोन तास, घराच्या पडवीत, वाचनालयाच्या खोलीत किंवा परवानगीने शाळेच्या वर्गात, दोन-तीन तयार डेक घेऊन बसावे आणि येईल त्याला शिकवावे. एका वहीत येणाऱ्याचे नाव, वय, कितव्यांदा आला आणि त्याने काही विकत मागितले का, एवढेच लिहावे. सलग आठ रविवारी ठरावीक बारा-पंधरा जण येऊ लागले, आणि त्यांतील निम्मे स्वतःची कार्डे आणू लागले, तर गाळ्याचा विचार करावा. संख्या सहा-सातवर अडली तर आहे त्या स्टेशनरीच्या किंवा खेळण्यांच्या दुकानात एक काचेचे कपाट भाड्याने घेऊन विक्री करणे अधिक शहाणपणाचे आहे.

शिकवताना भाषेची अडचण येते. आपल्याकडे मिळणारी बहुतेक कार्डे इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमातील चौथी-पाचवीच्या मुलाला त्यावरची बारीक अक्षरे वाचता वाचता खेळाचा कंटाळा येतो. नियमांचे एक पानी मराठी टिपण स्वतःच्या शब्दांत तयार करावे आणि वारंवार येणाऱ्या वीस-पंचवीस इंग्रजी शब्दांचा अर्थ मागील बाजूस द्यावा. कार्डांवरची चित्रे मात्र त्यावर छापू नयेत. ती कंपनीच्या हक्काची असतात. पहिल्या डावात पोकेमॉनची सहा बक्षीस-कार्डे (जी आधी उचलून संपवणारा जिंकतो) न मांडता तीनच मांडली तर डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो आणि नवशिक्याला दुसरा डाव मागावासा वाटतो.

दुसरी पायरी: गाळा आणि त्याचे दर्शन

गाळा बसस्थानक, शाळा आणि शिकवणीवर्ग यांच्या त्रिकोणात, पायी येण्याच्या अंतरावर असावा. मुख्य बाजारपेठेतील रस्त्यावरचाच हवा असा आग्रह नको. हा माल नजरेस पडला म्हणून घेतला जात नाही, त्यासाठी मुद्दाम यावे लागते, म्हणून आतल्या गल्लीतील कमी भाड्याचा मोठा गाळा दर्शनी छोट्या गाळ्यापेक्षा उपयोगी ठरतो. दोनशे ते तीनशे चौरस फुटांत काउंटर, कपाटे आणि चार-चार जणांची तीन टेबले बसतात.

टेबले दारातून दिसली पाहिजेत. पुढची बाजू काचेची असावी, आत भरपूर उजेड असावा आणि शटर कधीही अर्धे खाली ओढून खेळ चालू ठेवू नये. पाच-सहा पोरे कार्डे हातात घेऊन बंद जागेत बसली की शेजाऱ्यांना तो अड्डा वाटतो, आणि त्यांचे चुकते असेही म्हणता येत नाही. "टेबलावर पैसा ठेवायचा नाही" ही पाटी मी काउंटरमागे नव्हे, रस्त्याकडे तोंड करून लावली आहे.

पुराचा विचार करारावर सही करण्याआधी करावा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरील दुकानांतील माल अक्षरशः चिखलात गेला. २००५ च्या जुलैतही तेच झाले होते. कागदी माल भिजला की त्याची किंमत शून्य होते, तो वाळवून विकता येत नाही. नदीकाठच्या गावात जिना चढावा लागला तरी पहिला मजला घ्यावा. तळमजलाच घ्यावा लागला तर शेजाऱ्यांना मागील पुराची पाण्याची खूण भिंतीवर दाखवायला सांगावी, महागडा माल त्या खुणेच्या वर ठेवावा आणि दुकानाच्या विम्यात वादळ व पूर यांचे संरक्षण आहे की नाही हे पॉलिसीचा कागद वाचूनच ठरवावे, एजंटाच्या तोंडी हमीवर नव्हे.

तिसरी पायरी: कागदपत्रे

ज्याला आजही सगळे गुमास्ता म्हणतात ते काम आता सोपे झाले आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची गरज नसते. ऑनलाइन सूचना दिली की पोच मिळते. उद्यम नोंदणी आधारच्या साहाय्याने विनाशुल्क होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. दुकानाची पाटी मराठीत देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे आणि इतर लिपीतील अक्षरे त्याहून मोठी चालत नाहीत, तेव्हा इंग्रजी झोकदार नाव ठरवण्यापूर्वी ते देवनागरीत कसे दिसते हे लिहून पाहावे.

जीएसटीबाबत या व्यवसायात दोन खाचा आहेत आणि दोन्हींत नवे दुकानदार अडकतात. केवळ वस्तू विकणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे, पण टेबलाची फी ही सेवा ठरते आणि वस्तूंबरोबर करपात्र सेवाही पुरवणाऱ्यास ही मर्यादा २० लाखांवर येते. दुसरी खाच टपालविक्रीची. बेळगाव किंवा पणजीच्या खेळाडूने व्हॉट्सॲपवर एक कार्ड मागवले आणि तुम्ही ते पाठवले, तर ती आंतरराज्य विक्री होते आणि करपात्र वस्तूंच्या आंतरराज्य विक्रीला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. सिंधुदुर्गातील दुकानाला गोव्याचे गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर असल्याने हा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहतो. दुकानात येऊन, माल हाती घेऊन जाणाऱ्या गोवेकराची गोष्ट वेगळी. करसल्लागाराची दोन हजारांची फी येथे वाचवू नये.

सीलबंद पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त दर घेणे वजनमापांच्या नियमांनुसार गुन्हा आहे. कंपनीने काढलेला कार्डांचा नवीन संच दुर्मीळ झाला की जास्त दर घेण्याचा मोह होतो आणि शहरांतील काही विक्रेते तसे करतातही. ते आपल्याला परवडणारे नाही. चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर, म्हणजे छोट्या गाड्यांवरही, १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला खेळण्यांचा माल त्या चिन्हाशिवाय काउंटरवर मांडू नये.

चौथी पायरी: भांडवल आणि पहिला माल

उदाहरणादाखल चार लाख रुपयांचे भांडवल धरू. नऊ हजार भाड्याच्या गाळ्याला सहा महिन्यांची अनामत म्हणून ५४ हजार, टेबले-कपाटांना ७० हजार, इन्व्हर्टर आणि ओलावा रोखण्याच्या व्यवस्थेला ४५ हजार, मालाला दीड लाख. उरतात ८१ हजार, आणि ते हात न लावता बँकेत ठेवायचे. महिन्याचा खर्च २७ हजार धरला तर तो तीन महिन्यांचा श्वास आहे. कर्ज घ्यायचे झाल्यास मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर गट आहे. पण कर्जाच्या पैशातून सीलबंद बॉक्सची साठेबाजी करू नये. "पुढच्या वर्षी दुप्पट होईल" हे वाक्य मी प्रत्येक नव्या संचाच्या वेळी ऐकले आहे, आणि ते बोलणाऱ्यांचे बॉक्स अजून त्यांच्या माळ्यावर आहेत.

दीड लाखाच्या मालात सीलबंद पाकिटांवर ६० हजारांहून अधिक लावू नयेत. एकाच खेळाने सुरुवात करावी. तीन खेळांचा थोडा थोडा माल ठेवला तर एकाही खेळाचा खेळाडू समाधानी होत नाही. तयार डेक, ज्यांत ६० कार्डे लगेच खेळता येतील अशी असतात, ते पाकिटांपेक्षा जास्त घ्यावेत, कारण नवशिक्याला पाकिटातील दहा कार्डांनी खेळताच येत नाही आणि तो निराश होऊन जातो. स्लीव्ह भरपूर घ्यावेत, मात्र माप पाहून: पोकेमॉन आणि मॅजिकचे कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर असते, यु-गि-ओचे ५९ बाय ८६. चुकीच्या मापाचे शंभर जुडगे घेऊन बसलेला दुकानदार मी आरशात पाहिलेला आहे.

येणारा नवीन संच आगाऊ नोंदणीवरच मागवावा आणि निम्मी रक्कम बयाणा घ्यावी. तोंडी "ठेव रे माझ्यासाठी एक बॉक्स" याला वहीत स्थान देऊ नये, मग ते बोलणारा शाळूसोबती का असेना.

पाचवी पायरी: खरा माल ओळखणे

जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत शे-दोनशे रुपयांत पन्नासेक सोनेरी कार्डांचा डबा मिळतो. ती सगळी नकली असतात. अधिकृत खेळात त्यांना जागा नाही. मुले ती घेऊन अभिमानाने दुकानात येतात, आणि त्या क्षणी दुकानदार काय बोलतो यावर ते मूल परत येईल की नाही हे ठरते. "हे खोटे आहे, फेक" असे म्हणू नये. एक खरे, साधे, पाच रुपयांचे कार्ड शेजारी ठेवून दोन्ही त्याच्या हातात द्यावीत आणि फरक त्यालाच शोधू द्यावा. नकली माल आपण विकायचा मात्र नाही. व्यापारचिन्ह कायदा १९९९ नुसार असा माल विकण्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद व दंड आहे.

तपासण्याच्या रीती साध्या आहेत. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये गडद थर असतो, त्यामुळे मागून मोबाइलची बॅटरी धरली तर उजेड फारसा आरपार येत नाही; नकली कार्ड कंदिलाच्या कागदासारखे उजळते. जवाहिऱ्याकडे असते तसल्या भिंगातून पाहिल्यास खऱ्या छपाईत रंगाचे ठिपके नीट रचलेले आणि काळी अक्षरे धारदार दिसतात. नकलीत अक्षरेही ठिपक्यांची बनलेली असतात. पोकेमॉन कार्डाच्या पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळट असणे, अक्षरांची जाडी वेगळी असणे, ही पुढची लक्षणे. एका लक्षणावर निकाल देऊ नये, तीन जुळली की द्यावा.

सीलबंद पाकिटांची खबरदारी वेगळी असते. पाकीट उघडून चांगले कार्ड काढून पुन्हा चिकटवण्याची लबाडी होते. वरच्या-खालच्या शिवणीवरच्या दाबाच्या रेषा अर्धवट पुसलेल्या किंवा चिकट लागल्यास ते पाकीट परत करावे. मुंबईत महात्मा जोतिबा फुले मंडईच्या आसपास खेळण्यांचा घाऊक बाजार आहे आणि गाड्या, क्यूब, कॅरमचे सामान तेथून आणणे सोयीचे पडते. कार्डे मात्र तेथे डोळे झाकून घेऊ नयेत. आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत छापलेली असणे, आणि जीएसटीचे पक्के बिल मिळणे, या अटी पूर्ण होत नसतील तर दर कितीही उतरवला तरी हात जोडून निघावे.

सहावी पायरी: ओलाव्याशी बारा महिन्यांचा सामना

शहरातील दुकानदारांनी लिहिलेल्या मार्गदर्शनात या विषयाला दोन ओळी मिळतात. किनाऱ्यावर हा अर्धा धंदा आहे.

कार्ड हे कागदाचे असते आणि कागद हवेतील पाणी पितो. चमकत्या, म्हणजे फॉइल कार्डाच्या एका बाजूस धातूचा पातळ थर असतो. तो थर फुगत नाही, कागद फुगतो, आणि कार्ड चित्राच्या बाजूला कमानीसारखे वाकते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सरळ असलेले हजार रुपयांचे कार्ड आगोटीनंतर पंधरा दिवसांत असे वळलेले दिसले की त्याची किंमत निम्म्यावर येते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखणे हे उद्दिष्ट ठेवावे. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. तो दुकानाच्या मधोमध टांगण्याऐवजी, जेथे माल आहे त्या कपाटाच्या आत ठेवावा.

ओलावा शोषणारे यंत्र चांगले, पण त्याला वीज लागते, आणि आपल्याकडे नेमकी ज्या दिवशी त्याची सर्वाधिक गरज असते त्याच दिवशी वीज जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने दक्षिणेकडच्या गावांना तोच अनुभव दिला. म्हणून मुख्य भिस्त विजेवर न ठेवता हवाबंद डब्यांवर ठेवावी. झाकणाला रबराची कड असलेले, घट्ट कड्या लागणारे प्लास्टिकचे डबे घ्यावेत, प्रत्येकात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि सुटी कार्डे व सीलबंद बॉक्स त्यातच ठेवावेत. सिलिका जेल नारिंगी रंगाचे घ्यावे, जे ओले झाल्यावर हिरवे होते. निळ्याचे गुलाबी होणाऱ्यात कोबाल्टचे विषारी क्षार असतात आणि आपल्या दुकानात लहान मुलांचा वावर असतो. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून तेच पुन्हा वापरता येते. मिरगाच्या आधी एकदा आणि नंतर दर पंधरवड्याला रंग तपासण्याचा दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

जांभ्या दगडाच्या भिंती पावसाळ्यात पाणी धरतात, तेव्हा कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवावीत. लोखंडी रॅक खाऱ्या हवेत दोन वर्षांत गंजतो आणि गंजाचे डाग बॉक्सवर उतरतात; प्लास्टिकचा लेप असलेला किंवा लाकडी रॅक बरा, लाकडाला वाळवीचे औषध मात्र आधी द्यावे. कसर आणि झुरळे पुठ्ठ्यावर येतात, त्यामुळे कुरिअरचे रिकामे खोके दुकानात साठवू नयेत आणि टेबलावर वडापाव खाऊ देऊ नये. तेलकट बोटांचा प्रश्न त्यातच सुटतो. बाइंडर पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावेत. पीव्हीसीची पाने उन्हाळ्यात कार्डाला चिकटतात. कार्डांच्या जुडीला रबरबँड कधीही लावू नये.

पावसात पार्सल पाठवताना कार्ड प्रथम स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या खोळीत, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि हे सगळे झिप असलेल्या पिशवीत घालून पाकिटात ठेवावे. वितरकाकडून येणारे पार्सल बसच्या टपावरून येणार नाही एवढी चौकशी पाठवण्यापूर्वीच करावी.

सातवी पायरी: टेबलाची शिस्त आणि पालकांचा विश्वास

आठवड्यातून दोन ठरावीक वेळा खेळाच्या ठेवाव्यात आणि त्या मोडू नयेत. गिऱ्हाईक कमी आले म्हणून एक शनिवार बंद ठेवला तर पुढचे तीन शनिवार माणसे विचारत राहतात की आज आहे की नाही. सामने स्विस पद्धतीने घ्यावेत. यात हरलेला बाहेर जात नाही, प्रत्येक फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूशी त्याची जोडी लागते. आठ जणांना तीन फेऱ्या आणि सोळांना चार फेऱ्या पुरतात. बाद पद्धतीत देवरुखहून तासभर एसटीने आलेला मुलगा वीस मिनिटांत हरून घरी जातो आणि पुन्हा येत नाही.

फी टेबलाची म्हणून घ्यावी, पावती द्यावी, आणि बक्षीस पाकिटांच्या किंवा दुकानातील खरेदीच्या रूपात द्यावे. जमलेली रक्कम जिंकणाऱ्याला वाटणे, लकी ड्रॉ, "शंभर रुपयांत काहीही निघेल" असली बंद पाकिटे, हे सारे टाळावे. यांतील काहीही जुगाराच्या किंवा लॉटरीच्या कायद्यापर्यंत पोचू शकते, आणि पोचले नाही तरी पालकांच्या मनात पोचतेच.

पालकांसाठी माझ्या दुकानात एक काचेची पेटी आहे आणि तिच्यात सावंतवाडीची दशावतारी गंजिफा मांडली आहे. गोल, हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली १२० पाने. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंतची पाने. ही कला जवळजवळ संपत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली आणि आजही राजवाड्यात कारागीर ती पाने रंगवतात. मुलाला ओढत बाहेर काढायला आलेले आजोबा त्या पेटीपाशी थांबतात, मत्स्य-कूर्म मोजतात, आणि नातवाच्या हातातील कार्डांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. पर्यटकही हा संच मागतात. तो महाग असल्याने साठा न करता मागणीप्रमाणे आणून द्यावा. चितारआळीतील लाकडी खेळणी आणि भोवरे त्याच कपाटात चांगले विकले जातात.

आठवी पायरी: मुलांकडून कार्डे विकत घेणे

सुट्या कार्डांचा माल बहुतांशी गिऱ्हाइकांकडूनच येतो. बाजारभावाच्या निम्मी रक्कम रोख, किंवा साठ-पासष्ट टक्के खरेदीच्या रूपात, असा दर लिहून लावावा आणि सर्वांना सारखा ठेवावा. पण अठरा वर्षांखालील मुलाशी केलेला करार भारतीय कायद्यात मुळातच शून्य असतो; प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली हे स्पष्ट केले आणि तेच आजवर चालत आले आहे. सातवीतल्या मुलाने मोठ्या भावाचे दोन हजारांचे कार्ड तीनशेला विकले, तर संध्याकाळी त्याचे वडील दुकानात येतील आणि कायदा त्यांच्या बाजूने असेल. माझ्याकडे हे घडले आहे. कार्ड परत दिले, पण पैसे तोवर वडापाव आणि क्रिकेटच्या चेंडूत विरले होते. तेव्हापासून आई-वडिलांपैकी कोणी समोर असल्याशिवाय लहान मुलाकडून एक रुपयाचेही कार्ड घेत नाही, आणि मुलांमधील अदलाबदल काउंटरवर, दोन्ही कार्डांचा साधारण भाव मोठ्याने सांगून झाल्यावरच होऊ देतो.

नववी पायरी: चाकरमान्यांची दिनदर्शिका

कोकणातील विक्रीचा आलेख शाळेच्या सुट्टीपेक्षा रेल्वेच्या आरक्षणावरून अधिक अचूक काढता येतो. मे महिना, गणपती आणि शिमगा या तीन वेळा मुंबईकर कुटुंबे मुलांसह गावी येतात. त्यांची मुले कार्डे घेऊन येतात आणि गावातील चुलत-मावस भावंडांना खेळ शिकवून जातात. माझे निम्मे खेळाडू अशा सुट्टीत तयार झाले. मे महिन्यासाठी तयार डेक आणि स्लीव्हचा दीडपट माल एप्रिलच्या मध्यापर्यंत दुकानात हवा. गणपतीत पाकिटे जास्त खपतात, कारण मुलांच्या हाती पाहुण्यांनी दिलेले सुटे पैसे असतात. मात्र दीड आणि पाच दिवसांच्या गणपतींच्या विसर्जनादिवशी दुकान उघडून बसण्यात अर्थ नाही.

जून-जुलैत विक्री निम्म्याने घटते. तेव्हा सुट्या कार्डांची छाटणी, नोंदी आणि नियमित खेळाडूंसाठी पावसाळी साखळी स्पर्धा ठेवावी. बाहेर क्रिकेट बंद असल्याने टेबले या काळात भरलेली असतात, गल्ला मात्र नसतो.

दहावी पायरी: हिशेब

शंभरला विकलेली वस्तू ऐंशीला घेतली असेल तर विक्रीवरील नफा वीस टक्के असतो, पंचवीस नव्हे. खरेदीवर नफा मोजण्याच्या सवयीमुळे बरेच दुकानदार स्वतःलाच फसवतात. वर धरलेला महिन्याचा २७ हजारांचा खर्च असा: भाडे ९ हजार, मदतनीस १० हजार, वीज साडेतीन हजार, इंटरनेट आणि फोन १ हजार, किरकोळ साडेतीन हजार. सरासरी ढोबळ नफा २२ टक्के असेल तर केवळ खर्च भागायला १ लाख २३ हजारांच्या आसपास विक्री लागते. टेबलाची फी चाळीस रुपये, दर वेळी बारा खेळाडू, महिन्यात आठ वेळा, असे धरल्यास ३,८४० रुपये येतात आणि लागणारी विक्री सुमारे १ लाख ५ हजारांवर उतरते. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपले आकडे त्याच जागी घालून हा हिशेब दर महिन्याच्या एक तारखेला करावा, आणि त्यात स्वतःचा पगार धरलेला नाही हे विसरू नये.

नव्वद दिवस न हललेल्या वस्तूवर लाल ठिपका लावावा. पहिल्या ठिपक्याला दहा टक्के उतरवावेत, दुसऱ्याला खरेदीच्या भावात काढावी, तिसऱ्याला ती स्पर्धेचे बक्षीस करावी. उधारी कुणालाही देऊ नये. गावात सगळे ओळखीचे असल्याने नाही म्हणणे जड जाते, म्हणून नियमित खेळाडूंसाठी आगाऊ जमा करण्याचे कार्ड काढावे, ज्यात पाचशे भरले की सव्वापाचशेची खरेदी मिळते. यूपीआयने आलेली रक्कम वेगळी नोंदवावी, कारण प्राप्तिकराच्या अनुमानित उत्पन्न योजनेत डिजिटल विक्रीवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के उत्पन्न धरले जाते, आणि वर्षाअखेर हा फरक हजारांत जातो.

पाचशे रुपयांवरील प्रत्येक सुट्या कार्डाचा पुढून-मागून फोटो आणि खरेदीची तारीख मोबाइलबरोबरच दुकानाबाहेर दुसऱ्या ठिकाणीही जपून ठेवावी. चोरी झाली किंवा पाणी शिरले तर विमा कंपनी आधी तेच मागते. मालाची मोजणी वर्षातून दोनदा, आगोटीच्या आधी आणि अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या सोमवारी करावी. त्या दिवशी चाकरमानी परतलेले असतात, शाळा सुरू झालेल्या असतात आणि दुपारपर्यंत दुकानात कोणी फिरकत नाही.